खारकेची म्हातारी

हळकुंड वाकडं होतं. वरच्या टोकाला एक गाठ, गाठीखाली मानेसारखा बारीक गळा, आणि त्याखाली जी पाठ होती ती... ती जात्यावर ओणवलेल्या बाईचीच पाठ होती, दुसऱ्या कुणाची असूच शकत नव्हती. द्वारकेनं ते दारातून आत आलेल्या उन्हाच्या पट्टीत धरलं, फिरवलं, पुन्हा धरलं. आता कुणी म्हणेल की बाई, हळकुंड म्हणजे हळकुंड, ते कुटावं आणि भाजीत घालावं. म्हणोत बापडे. ज्यांना दिसत नाही त्यांचा इलाज नाही, आणि जिला दिसतं तिचाही नाही — लहानपणापासून तिला दिसत आलं होतं, कवठात टक्कल, लिंबोळीत डोळा, पळीच्या दांड्यात ताठ उभा राहिलेला कारभारी. आणि दिसलं की बोटं शिवशिवायची, आणि बोटं शिवशिवली की घरातलं काही ना काही जागेवरून नाहीसं व्हायचं.

उद्या भाचीचं, कौशल्याचं, लग्न होतं. औंढ्याचं वऱ्हाड सकाळी या गावी, साखऱ्यात, उतरायचं, मारुतीच्या देवळाशेजारी त्यांचा जानवसा, आणि दुपारी या घरचं रुखवत वाजतगाजत तिकडं जायचं. एरवी रुखवतात साखरेचे हत्ती असायचे, बत्ताशांचं वृंदावन असायचं. पण लढाई सुरू झाली, साखरेवर कंट्रोल आला आणि चहालाही गूळ टाकायची पाळी आली, तिथं हत्ती कुठले? भावजय नर्मदाबाई दीड महिन्यापूर्वी डोक्याला हात लावून बसली होती, आणि द्वारका सहज म्हणून गेली होती, "घरात काय कमी हाय, वयनी?"

आणि घरात खरंच काही कमी नव्हतं. दोन सुपं आणि एक परात, त्यांत तिनं अख्खं गाव वसवलं होतं. आंब्याच्या कोयी धुऊन, वाळवून, त्यांचे केस विंचरून मेंढ्या केल्या होत्या. चिंचेच्या आकड्यांना बाभळीचे जोडकाटे बसवून बैल केले होते, आणि काटे असे नेमके बसले होते की देवानं बाभळीला ते शिंगांसाठीच दिले असावेत. सुपारीची माणसं होती, दोऱ्याचे पटके बांधलेली. आणि सुपाच्या मधोमध, वाळल्या मिरचीच्या टोकाची लाल टोपी घातलेला, पोट पुढं काढलेला एक सुपारीचा साहेब. तो पाहून भाऊ उकंडराव इतका हसला होता की त्याला ठसका लागला. "आक्का, ह्यो तर बराबर आपला गिरदावर! सरकारी लेव्हीचं धान मोजायला आला तवा असाच उभा व्हता," म्हणाला, आणि मग स्वतःच उठून दार लोटून आला, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. या सगळ्या गावात कुणाला तोंड नव्हतं. काजळाचे डोळे होते, मेणाचं नाक होतं, तोंडाच्या जागी फार तर एक रेघ. माहेरी परत आल्यापासूनच्या बावीस वर्षांत तिच्या हातून जेवढी म्हणून माणसं झाली — शेजारच्या पोरींच्या बाहुल्या, पोळ्याच्या मातीच्या बैलामागचे गडी, दर लग्नातली ही रुखवतं — त्या सगळ्यांची तोंडं मिटलेली. लोक म्हणायचे, द्वारकाबाईची माणसं फार शहाण्या चेहऱ्याची असतात. ती ऐकून घ्यायची.

आणि तीन दिवसांपूर्वी खारकेची म्हातारी झाली.

खारकेला सुरकुत्या मुळातच असतात, निम्मं काम तिथंच झालेलं असतं. द्वारका नाकाखाली नेहमीची रेघ ओढायला विळीच्या टोकावर खारीक धरून होती, आणि रेघ ओढता ओढता हात थांबायच्या जागी थांबला नाही... खारीक उघडली. तिला वाटलं, टाकून द्यावी. टाकली नाही. तांदळाचे दोन दाणे घेतले, एक वर बसवला, एक खाली, मधे मोकळं ठेवलं, आणि म्हातारी त्याच क्षणी बोलायला लागली. काय बोलते ते ऐकू येत नव्हतं, पण बोलत होती हे नक्की. आणि पुष्कळ बोलत होती. लवंगेचा एक हात उगारून द्वारकेनं तिला सुपातल्या छोट्या जात्याजवळ उभी केली. जात्यावर बसवायला तिला आता या वाकड्या हळकुंडाची बाई हवी होती, म्हणजे देखावा पुरा झाला असता.

बाहेर अंगणात बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. नवरीला हळद लावायला सवाष्णी लागतात, आणि द्वारका सवाष्ण होती — नवरा रामकिशन कयाधू नदीच्या पल्याड धडधाकट होता, दुसरीची चार लेकरं खांद्यावर खेळवत होता — म्हणून तिच्या कपाळावर कुंकू होतं. पण हळदीला तिला कुणी हाक मारत नव्हतं. हाक मारत नव्हतं आणि नको असंही म्हणत नव्हतं, एवढी सगळ्यांची रीत चांगली. तिनं हळकुंडाचा खालचा भाग जरासा तासला. माझ्याही हाताला हळद लागलीच की, तिच्या मनात आलं, आणि तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त.

नर्मदाबाई आत आली ती कोपरापर्यंत पिवळी होऊन. रुखवत झाकायला फडकं हवं का, हे विचारायला आली होती. पण तिची नजर सुपावर गेली आणि तिथंच थांबली.

"आक्का," ती म्हणाली, "ह्या म्हातारीचं तेवढं तोंड मिटवा."

"काहून?"

"काहून म्हंजे? उद्या कौशीची सासू समोर बसंल. तिनं काय समजावं?"

"समजायचं ते समजंल. सासवा बोलतात, वयनी. मुक्यानं कोणती सासू झाली?"

नर्मदाबाईच्या ओठाच्या कोपऱ्याला हसू फुटलं होतं, द्वारकेनं ते पाहिलं. पण तिनं ते आवरलं, दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला. "तुमी इसरल्या आसाल. लोकं न्हाई इसरले. औंढ्यालाबी मालूम हाय समद्यांला. आता सासूची बाहुली, तीबी तुमच्या हातची, तीबी तोंड वासलेली... उद्या त्या बाईला नुस्ता खोकला झाला तरी पोरगी आठ दिसांत माघारी यील. पोरीला तकलीफ व्हईल असं करू नका. मी तुमच्या पाया पडते."

आणि ती खरंच वाकली. द्वारकेनं पाय मागं घेतले.

"आन उद्या कोणी पुसलं, रुखवत कोणी केलं, तर माझं नाव सांगायचं," नर्मदाबाई उठता उठता म्हणाली. "तसं ठरलंच हाय म्हना आपलं."

"ठरलंय," द्वारका म्हणाली.

ठरलं होतंच. जानवशाला द्वारका जाणार नव्हती. रुखवत करणारीला तिथं खण-नारळ देतात, तो नर्मदाबाई घेणार होती. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं, दर लग्नात असंच होत आलं होतं, आणि भावजय काही दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर सोपं झालं असतं. तो एक शब्द तिनं आजही उच्चारला नाही. भानामती. या घरात तो बावीस वर्षांत कुणीच उच्चारला नव्हता, नुसता सगळ्यांनी आपापल्या तोंडात धरून ठेवला होता.

दिव्याची अवस होती तेव्हा. सासरी गुळाच्या पाण्यात कणीक मळलेली, सगळ्या बायका दिवे करत बसलेल्या, आणि द्वारका अठरा वर्षांची. एका दिव्याला बोटांनी जरासं दाबलं तर वातीची जागा तोंडासारखी झाली. मग नाक तर आलंच. मग गाल, मग कपाळावरची आठी, आणि ती आठी घातली आणि दिव्याची सासू झाली, भिकाबाई, हुबेहूब. द्वारकेनं तोंडात वात ठेवली आणि पेटवली. जिभेच्या जागी ज्योत! सासरा हसला. रामकिशन भिंतीला टेकून पोट धरून हसला. आणि नवव्या दिवशी सकाळी भिकाबाईचं तोंड डावीकडे ओढलं गेलं, जीभ लुळी पडली, शब्द फुटेना. वैद्य वारं म्हणाला. गाव वारं म्हणालं नाही. कणकेची बाहुली, जिभेला विस्तव... आणखी काय पुरावा पाहिजे? चार दिवस माहेरी राहून ये म्हणून गाडी जुंपली, आणि त्या चार दिवसांना बावीस वर्षं झाली. भिकाबाई त्यानंतर नऊ वर्षं जगली. गेल्याची बातमी बांगड्या भरायला आलेल्या कासारणीनं दिली, तेव्हा द्वारका न्हाणीत गेली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. कशासाठी न्हालीस, असं कुणी विचारलं नाही.

आपण केलं का ते? हा प्रश्न तिनं कुणाला विचारला नव्हता. स्वतःला मात्र रोज. भाकरी थापताना, गोठ्यात, दुसऱ्याच्या पोराला बाहुली करून देताना. हातांकडे बघायची. साधेच हात होते, नखांत शेण गेलेले. पण त्यांनी धरलं ते तसंच व्हायचं हेही खोटं नव्हतं. मग जे तोंड या हातांनी पेटवलं ते... म्हणून तोंड करायचं नाही. एवढंच तिनं ठरवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. देवाला नवसात बोकड बोलतात, मी तोंड बोलले.

दार करकरलं. कौशल्या होती, सगळीच्या सगळी पिवळी, पंधरा वर्षांची, हातात हळदीचं ओलं फडकं. नवरीनं असं हिंडू नये, पण ही लहानपणापासून आत्याच्या सुपाशी वाढलेली.

"आत्या, आई म्हणती तिकडं बघू नको." आणि ती सुपाशी जाऊन बसलीच. म्हातारीकडे तिनं नुसतं पाहिलं आणि फस्सकन हसली. "ही काय म्हणून राहिली?"

"तूच सांग."

कौशल्यानं कंबरेवर हात ठेवला, आवाज चिरका केला. "जरा बारीक दळ गं बये, का हत्तीला घालायचंय?" दोघी हसल्या. पोरगी जात्यापाशीच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली, जिथं अजून कुणी बसलेलं नव्हतं, आणि तिचं हसू हळूहळू उतरलं.

"आत्या."

"काय गं?"

"मिटवा तिचं तोंड." तिनं मान वर केली नाही. "मला माघारी न्हाई यायचं. तुमच्यावानी... मला न्हाई राह्यचं तसं."

बोलली आणि घाबरली, उठली, उंबऱ्याला अडखळली आणि गेली. दाराच्या कडेवर तिच्या बोटांची पिवळी खूण उमटली.

द्वारकेला राग आला नाही. राग यायला काहीतरी खोटं असावं लागतं, आणि पोरगी खरंच बोलली होती. बावीस वर्षं या घरात सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या, सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या, कधी कुणाला उलट न बोलणाऱ्या बाईकडे बघून एका पंधरा वर्षांच्या पोरीला एवढंच वाटलं होतं, असं व्हायचं नाही. बरोबरच होतं. द्वारकेलाही कुठं व्हायचं होतं असं?

तिनं परातीच्या काठावरची कणीक चिमटीत घेतली. भिजवून मऊ केली आणि म्हातारीचं तोंड बुजवलं. नीट, बोटानं सारखं करून. खारकेचा रंग यावा म्हणून वर जरासं गुळाचं पाणी फिरवलं. मग तिला जात्याजवळ ठेवलं आणि लांबून पाहिलं.

म्हातारी गेली होती. तिथं एक खारीक ठेवलेली होती, तिला लवंग टोचलेली. इतका वेळ ज्या बाईचा आवाज माजघरभर होता ती एका चिमटीच्या कणकेनं संपली, आणि तिच्याबरोबर जातंही संपलं, सूपही, सगळं गावच एकदम वाळवणात मांडलेल्या सामानासारखं दिसायला लागलं. द्वारकेला ते बघवेना. ती बघत राहिली. असाच चेहरा... बुजवलेला, रंग सारखा केलेला, शहाणा... तो तिनं कुठं पाहिला होता हे तिला ठाऊक होतं. न्हाणीतल्या घंगाळात ती तो रोज सकाळी पाहायची.

आणि मग ते आठवलं, ते जे तिनं कधी धड आठवू दिलं नव्हतं. दिवा पेटल्यावर सगळ्यांत आधी हसली ती भिकाबाई. सासऱ्याच्याही आधी. पदर तोंडाशी नेऊन, गदगदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "माझी जीभ अशी पेटती हाय व्हय गं, पोरी?" म्हणाली होती, स्वतःच्या हातानं तिनं दिव्यात तूप घातलं, आणि दिवे उतरवून खायला घेतले तेव्हा त्या एका दिव्याला कुणी हात लावेना, तर म्हणाली, आण इकडं, माझं मीच खाते. आणि खाल्ला. त्याच रात्रीच्या जेवणात, सुनेच्या पाठीवर थाप मारून. आठ दिवस ती वाटेल त्या शेजारणीला ते सांगत होती, हसत होती, माझ्या सुनंच्या हातात कसब हाय म्हणत होती. नवव्या दिवशी अंगावरून वारं गेलं. वारं कुणाच्या अंगावरून जात नाही? उकंडरावाच्या धुरेच्या बैलाच्या अंगावरूनही गेलं होतं, त्याची कुणी बाहुली केली होती?

हे सगळं तेव्हाही असंच होतं. मग मी का मानलं? त्यांनी मानलं ते त्यांच्याजवळ. मी का मानलं? सासूला बोलता येत असतं तर ती म्हणाली असती, हिनं काही केलं नाही. तिची जीभ गेली आणि माझी होती, धडधाकट, आणि मी गाडीत बसले. मुकाट्यानं. बावीस वर्षं ते मुकाटपण बाहुल्यांना वाटत फिरले. मी केला तो दिवा होता. चांगला झाला होता. ज्या बाईचा होता तिला आवडला होता!

बाहेर बायकांचं गाणं कधी थांबलं तिला कळलं नाही. तिनं कोनाड्यातली सुई काढली. बाहुलीला तिनं आजवर कधी सुई लावली नव्हती, खळ वापरायची, मेण वापरायची, लोकांनी काही म्हणू नये म्हणून. आता लावली. कणीक कोरून काढली, दाणे पुसले, पुन्हा बसवले. तोंड पहिल्यापेक्षा मोठं झालं. होऊ दे.

पण कौशीनं सांगितलं होतं, मला माघारी नाही यायचं. ते काही कणकेसारखं कोरून काढता येत नव्हतं. पोरीचं काय? द्वारका सुई धरून बसून राहिली. औंढ्याच्या बाईनं हे पाहिलं की ती म्हणणार ही मी, आणि मग पुढचं सगळं ओघानं आलं... पण ही ती कशावरून? हा चेहरा कुणाचा म्हणून ठरलाय कुठं? जो सांगेल त्याचा.

तिनं काजळाच्या डबीत सुईचं टोक बुडवलं. द्वारकेच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते, दोन खाली एक वर, वरचा जरा कलता, कारण गोंदताना ती हलली होती. म्हातारीच्या हनुवटीवर तिनं ते तसेच उमटवले, कलता ठिपका कलताच. मग वरचा तांदळाचा दाणा काढून टाकला, कारण वरचा समोरचा दात तिला मागच्या साली पडला होता. उजव्या भुवईत खोक होती, लहानपणी बाजेवरून पडल्याची. ती नखानं कोरली. झालं. ही कुणाची सासू नव्हती. आणि आपल्या स्वतःवर भानामती करणारी बाई अजून जन्माला यायची होती.

वाकडं हळकुंड तिनं जात्यावर बसवलं नाही. तिथं आता कुणी दळायला नको होतं. जातंच उचलून तिनं बाजूला ठेवलं आणि म्हातारीला सुपाच्या ऐन मधे आणली, गिरदावराच्या शेजारी. साहेबाला जरा सरकावं लागलं.

नर्मदाबाई फडकं घेऊन आली तेव्हा उन्हाची पट्टी भिंतीवर चढली होती. "मिटवलं?" तिनं विचारलं, आणि वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग द्वारकेच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा सुपाकडे.

"ह्या तर तुमीच!"

"व्हय."

"आक्का, बायका वळखतील. मंग माझं नाव सांगून काय फायदा?"

"नको सांगू. माझं सांग."

"आवं पर..." नर्मदाबाई म्हणाली. फडकं तिच्या हातात तसंच होतं, अर्धं उलगडलेलं. ते सुपावर टाकायचं की नाही हे तिचं तिलाच कळत नव्हतं, आणि उद्या जानवशात काय होईल हे तर दोघींनाही कळत नव्हतं. औंढ्याची बाई उठून जाईल. किंवा हसेल. किंवा कौशी रडेल, आणि आत्याला जन्मभर माफ करणार नाही. यांतलं काहीही होऊ शकत होतं आणि द्वारकेला त्याची भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती.

"ही ओरडून राहिली का हसून राहिली, आक्का?" नर्मदाबाईनं विचारलं, अगदी हळू, एखाद्या लहान पोरीसारखं.

द्वारकेनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण शब्दाच्या आधी दुसरंच काही वर येत होतं, पोटातून, खालून, बरगड्या हलवत... इतक्या वर्षांनी तिला ते आधी ओळखताही आलं नाही. बाहेर अंगणभर पाहुणे होते, दार उघडं होतं, नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं लग्नघरात असं खदखदून हसलेलं कुणाला चालणार नव्हतं. तिनं पदर तोंडाशी नेला नाही.